तुम्ही हाव म्हटलं म्हणून

झुंबरबाई तेलाची बुधली घेऊन घरी आली ती आत गेलीच नाही. ओसरीवरच उभी राहिली आणि नवऱ्याकडे अशी बघू लागली, की पुंजाजीला वाटलं आपली टोपी उलटी तर नाही? त्यानं चाचपून पाहिली. सरळ होती.

तेलघाण्यावर सगळ्या बाया एकच बोलत होत्या, म्हणे. माळ्याघरच्या विधवा सुनेचा, कोकिळेचा, पाट ठरला, म्हणजे दुसरं लग्न. वरवट बकालचा महादेवराव, बायको वारलेला, खाऊन-पिऊन बरा. येत्या शनिवारी कोकिळेचा भाऊ उत्तमराव मोताळ्याहून बैलांची रेंगी जुंपून येणार आणि बहिणीला घेऊन जाणार. अमावास्येच्या आत पाट लागला पाहिजे.

"ठरला?" पुंजाजीच्या हातातला अंबाडीचा वाख थांबला. "कोणं ठरवला?"

"तुम्ही," झुंबरबाई म्हणाली. "पुंजाजीनं हाव म्हटलं, म्हणतेत. मंग आता कोणाची छाती हाय नाही म्हणाची?"

एवढं बोलून ती बुधली घेऊन आत गेली. पुंजाजी मात्र वाख बाजूला ठेवून आठवू लागला. आपण हाव म्हटलं? म्हटलं तर होतं. नाकारायची सोयच नव्हती. पण हे असं म्हटलं होतं का?

आता हा पुंजाजी कोण, ते सांगायला हवं. वडनेर भोलजीचा हा माणूस काही पाटील नव्हे, अंगात देव येणारा भगत नव्हे, की मलकापुरात काळा कोट घालून बसणारा वकीलही नव्हे. सोळा एकर कोरडवाहू वावर, एक बैलजोडी आणि घरापुढं ओसरी, एवढाच त्याचा पसारा. ओसरीवर एक बाज टाकलेली असायची. ज्याच्या जिवाला घोर लागला त्यानं यावं, बाजेवर बसावं आणि बोलावं. पुंजाजी खाली पोत्यावर बसून दोर वळत ऐकायचा. बाईमाणूस आलं की झुंबरबाई दाराच्या आत सूप घेऊन पाखडत बसायची, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा नको. सासू-सुनेची धुसफूस, भावाभावांचा अबोला, न नांदणारी लेक, दारूत बुडालेला जावई. नांदुऱ्यापासून मोताळ्यापर्यंतची माणसं आपापलं गाठोडं तिथं येऊन सोडत. वऱ्हाडचा कारभार नागपूरला जोडला गेला, हापिसं बदलली, साहेब बदलले, पुंजाजीची बाज होती तिथंच राहिली.

त्याची रीत ठरलेली होती. सल्ला द्यायचा नाही. कोणाच्या भांडणासाठी कोणाच्या घरची पायरी चढायची नाही. आणि बाजेवरचं बोलणं बाजेच्या खाली उतरू द्यायचं नाही. मग करायचं काय? तर बोलणारा थांबला, की 'हाव' म्हणायचं.

वऱ्हाडात हाव म्हणजे हो, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. पण हाव म्हणजे 'ऐकून राह्यलो, सांग पुढं' असंही असतं. शेकोटीशी बसून कोणी गोष्ट सांगत असला आणि हाव म्हणणारा कोणी नसला, तर सांगणाऱ्याची जीभ जागच्या जागी अडते. पुंजाजीचं हाव ते दुसरं. त्याचं म्हणणं असं, की माणसाला वाटतं आपण सल्ला मागायला चाललो. खरं तर तो आपलंच बोलणं ऐकायला निघालेला असतो. घरात त्याचं कोणी ऐकत नाही, म्हणून त्याचं त्यालाही ऐकू येत नाही. समोरच्यानं नुसतं हाव हाव करत राहिलं, की बोलता बोलता तोच थबकतो, 'थांबा, हे असं नाही' म्हणतो, आणि उठून घरी जातो. हे पुंजाजीनं शंभर वेळा पाहिलं होतं, आणि मनातल्या मनात त्याला त्याचा चांगलाच गर्व होता.

तरुणपणी असा नव्हता तो. तेव्हा जीभ मोठी सैल होती. कडूबा नावाच्या एका जिवाभावाच्या माणसाला त्यानं ठणकावून सांगितलं होतं, की भावापासून वेगळा हो, त्याशिवाय तुला सुख नाही. कडूबा झाला वेगळा. मग भावाभावांत बोलणं राहिलं नाही, आणि भाऊ गेला तेव्हा कडूबाला तोंडही पाहू दिलं नाही घरच्यांनी. कडूबा थेट पुंजाजीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही म्हटलं म्हणून केलं." बस, एवढंच. त्या दिवसापासून पुंजाजीनं कानाला खडा लावला. पुन्हा कोणी आपल्याला हे चार शब्द ऐकवायचे नाहीत. बत्तीस वर्षं त्यानं ते पाळलं, आणि आता घाण्यावरच्या बाया तेच चार शब्द जरा फिरवून बोलत होत्या.

कोकिळा त्याच्याकडे मार्गशीर्षात आली होती. चोविसेक वर्षांची, माळ्याघरची सून, दोन वर्षांपूर्वी तापानं नवरा गेलेला. घरात ती आणि तिची सासू कौशल्याबाई, दोघीच. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, त्यामुळे सात एकर वावर आणि विहिरीवरचा वांग्या-मेथीचा मळा हे सगळं कोकिळाच बघायची. टोपलीभर वांगी घेऊन आली, ती झुंबरबाईच्या हवाली केली आणि बाजेवर बसली. मग म्हणाली, "मामाजी, तो गेला तवापासून मले झोप लागते."

पुंजाजी म्हणाला, "हाव."

मग ती बोलत गेली. नवरा काय काय करायचा ते तिनं सांगितलं नाही. झुंबरबाईनं आत सूप थांबवलं त्यावरून पुंजाजीला जे समजायचं ते समजलं. आता आपण पोटभर जेवतो, वावरात राबतो, पाठ टेकली की डोळा लागतो, हे पाप आहे का, असं तिनं विचारलं. सासूला हे कसं सांगायचं? तिचा तर एकुलता एक लेक. भाऊ पाटाचं काढून राहिला, पण आपल्याला कुठंच जायचं नाही. हे वावर, ही म्हातारी, एवढं पुरे आहे. पाट लागला की पहिल्या घरच्या वावरावरचा हक्क सुटतो, म्हातारी उघडी पडते. सगळ्याला पुंजाजी हाव म्हणत गेला. जाताना तिचा चेहरा हलका झाला होता, आणि पुंजाजीलाही बरं वाटलं होतं.

पौषात उत्तमराव आला. मोठा भला माणूस, बोलताना हात चोळायची सवय. त्यानंही आधी इकडचं तिकडचं केलं आणि मग एकदम बांध फुटला. "म्याच तिले त्या घरात देल्ली, भाऊ. दोनदा रडत आली होती मोताळ्याले. दोनदा म्याच नवं लुगडं नेसवून परत पोचवली." बहिणीच्या अंगावरचे वळ आपण पाहिले होते आणि न पाहिल्यासारखं केलं, हेही त्यानं सांगितलं. आता एकदा तिला चांगल्या घरी पाहिलं म्हणजे आपल्या घशाखाली घास उतरेल. महादेवराव हात उचलणारा नाही, चार ठिकाणी चौकशी केली. पाठवतो तिला वरवटला.

पुंजाजी म्हणाला, "हाव."

उत्तमराव उठला, पुंजाजीच्या पायांना हात लावला आणि भराभरा निघून गेला. त्याच वेळी पुंजाजीला समजायला हवं होतं. नाही समजलं. त्याला वाटलं, माणूस हलका होऊन चालला. हलका झालाच होता तो, पण कशानं, हे आता घाण्यावरून समजत होतं. उत्तमरावानं कौशल्याबाईला जाऊन सांगितलं, पुंजाजीभाऊ हाव म्हणाले. म्हातारीनं मान खाली घातली आणि म्हणाली, पुंजाजी म्हणते तर बरंच असेल. कोकिळा म्हणे एक शब्द बोलली नाही.

बुधवारी पुंजाजीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी वळायला घेतलेला दोर असा सैल निघाला, की बकरीही बांधता येऊ नये. तो उकलला, पुन्हा वळला, पुन्हा तेच. दोनदा मोताळ्याच्या रस्त्यापर्यंत चालत गेला आणि दोनदा परत आला. जाऊन सांगायचं काय? पाठवू नको म्हटलं, तर तो सल्ला झाला. तुझ्या बहिणीला जायचं नाही म्हटलं, तर बाजेवरचं बाहेर गेलं. आणि जायचं म्हणजे कोणाच्या तरी घरची पायरी चढणं आलं. तीन कुंपणं त्यानंच घातली होती, आणि आता तोच मध्ये उभा राहून वाट शोधत होता. बरं, भाऊ-बहीण दोघंही एकच दुखणं सांगून गेलेली! त्याला ठाऊक की नवरा तिला मारत होता. तिला ठाऊक नाही की त्याला ठाऊक आहे. दोघं एकमेकांशी दहा वाक्यं नीट बोलली असती तर हा घोळच झाला नसता. पण बोलायला दोघं आली ती पुंजाजीकडे, आणि पुंजाजी बसला हाव म्हणत.

दुपारी नांदुऱ्याचा रामराव आला, जावयाचं रडगाणं घेऊन. बाजेवर बसला, सुरू झाला, चार वाक्यं बोलून थांबला. पुंजाजीनं तोंड उघडलं, पण हाव काही बाहेर येईना. जिभेवर येऊन बसलं होतं, आणि तो घाबरून ते गिळून टाकत होता. रामरावानं आणखी दोन वाक्यं रेटली, पुन्हा वर पाहिलं, मग विचारलं की तब्येत बरी नाही का. शेवटी अर्धं जावईपुराण पोटात ठेवूनच बिचारा उठला. पुंजाजीला त्याची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी जेवताना झुंबरबाईनं विषय काढला. कोकिळेचं बोलणं तिनंही ऐकलं होतं, पण तीही या घरच्या रीतीला बांधलेली, बाहेर अवाक्षर बोलायची नाही. नवऱ्याच्या ताटात वरण वाढून ती म्हणाली, की तुमची ती रीत लोकांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. हात झटकून बसायला बरी. पुंजाजी चिडला. बत्तीस वर्षांत एका माणसाचं वाईट झालं असेल तर दाखव, म्हणाला.

झुंबरबाईनं पळी खाली ठेवली. "माह्या बापाचं दुखणं वाढलं म्हणून जामोदहून निरोप आला होता, तुम्हाले ध्यानात हाय? तुम्ही इथंच दोर वळत होते. म्या म्हटलं, मले जावं वाटते. तुम्ही हाव म्हटलं. मले कळेना, जा म्हणता का नुसतं ऐकून राह्यले. चार दिवस वाट पायली. पाचव्या दिवशी बाप गेल्याचाच निरोप आला."

पुंजाजीच्या हातात घास तसाच राहिला. त्याला ते दुखणं आठवलं, निरोप आठवला, मासिक श्राद्ध आठवलं, आपलं ते हाव तेवढं आठवेना. तिनं पुन्हा विचारलं का नाही, असं तो पुटपुटला. झुंबरबाई म्हणाली, नव्या नवरीनं नवऱ्याला एकच गोष्ट दोनदा विचारायची तेव्हा रीत नव्हती. रागानं नाही बोलली. तीस वर्षांत राग पार वाळून गेला होता, आणि तेच पुंजाजीला जास्त लागलं. तो ताटावरून उठला, हात धुतले आणि ओसरीवर येऊन उभा राहिला. बसवेना. बाजेकडं पाहवेना.

शुक्रवारी सकाळी तो कोकिळेच्या वावराकडं निघाला. वावर म्हणजे काही घर नव्हे, धुऱ्याला, वावराच्या बांधाला, काही पायरी नसते, अशी त्यानं रस्ताभर स्वतःची समजूत घातली. माणूस असा असतो बघा, बुडायला लागला तरी धोतर भिजू नये म्हणून वर धरतो.

कोकिळा वांग्याला पाणी देत होती. उद्या जायचं होतं, तरी वाफे भरत होती. पुंजाजी धुऱ्यावर उभा राहिला तशी तिनं पदर सारखा केला, पण खोरं काही खाली ठेवलं नाही. त्यानं सुरुवात केली, की तुझ्या भावाला मी जे हाव म्हटलं, ते... आणि पुढं त्याला वाक्यच सापडेना.

"मामाजी," ती म्हणाली, "म्या तुम्हाले सांगतलं ते कोणी कोणाले सांगत नाही. तुम्ही समदं ऐकलं. अन् त्याच्यावर दादाले हाव म्हटलं. मंग म्या म्हटलं, माहंच मन वाईट असंन. पुंजाजीमामाले दिसलं असंन ते."

"ते हाव ऐकल्याचं होतं, कोकिळे. पाठव म्हणून नव्हतं."

तिनं खोरं थांबवलं. पाणी वाफा सोडून बाहेर जायला लागलं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. "अन् मले म्हटलं, ते?"

खोटं बोलायची पुंजाजीला फार इच्छा झाली. अगदी जिभेच्या टोकावर आलं, की तुला म्हटलं ते खरं हो होतं. पण ती सरळ डोळ्यांत बघत होती. "तेबी ऐकल्याचंच," तो म्हणाला.

"म्हणजे तुम्ही कोणालेच काही म्हटलं नाही," कोकिळा म्हणाली, आणि वाकून वाफ्याचं तोंड मातीनं बुजवू लागली.

पुंजाजीला धुऱ्यावरच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उद्या येतो, उत्तमरावाला नाही म्हणून सांगतो, असं तो घाईघाईनं बोलला. त्यावर तिची मान झटक्यानं वर आली. दादा विचारेल, का म्हणून? काय सांगाल? सासूच्या देखत सांगाल, की तुझा लेक मेला आणि सून सुखात आहे? त्या म्हातारीला डोळे नाहीत, पोटी दुसरं कोणी नाही, लेकाचं नाव घेऊन ती दिवस काढते. ते तिच्या कानावर घालून इथं राहण्यापेक्षा वरवटला गेलेलं बरं. हे कोणाला सांगायचं नाही, अशी तिनं त्याला आईची आण घातली. पुंजाजीनं ती घेतली, आणि परत येताना रस्ताभर त्याच्या ध्यानात येत राहिलं, की आता नाही म्हणायची मोकळीक मिळाली, पण कारण सांगायची नाही.

शनिवारी दिवस हातभर वर आला तोच रेंगी आली. पुंजाजी पोचला तेव्हा कौशल्याबाईच्या अंगणात शेजारपाजारची सात-आठ माणसं जमलेली होती. पाटाला वाजंत्री नसते, मांडव नसतो, अंधाऱ्या पंधरवड्यात गुपचूप उरकायचं काम, तरी निरोप द्यायला लोक येतातच. कोकिळेची लोखंडी पेटी रेंगीत चढलेली होती. कौशल्याबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. पुंजाजी फाटकातून आत आला आणि सरळ ओट्याच्या पायरीवर चढला, तसं सगळं बोलणं बंद झालं. त्याला कोणाच्या घरात अशा वेळी चढताना वडनेरात कोणी पाहिलं नव्हतं.

उत्तमराव तर खूश झाला. पुंजाजीभाऊ स्वतः आशीर्वाद द्यायला आले! तो पाया पडायला वाकला, तर पुंजाजीनं त्याचे खांदे धरले.

"उत्तमराव, बैल सोड. माहं म्हणणं नाही असं हाय."

आपलाच आवाज त्याला अनोळखी वाटला. उत्तमराव गोंधळला. तुम्हीच हाव म्हणाला होता, म्हणाला. पुंजाजीनं सांगितलं, की ते ऐकलं म्हणून म्हटलं होतं. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. मागं कोणी तरी हलक्यानं म्हणालं, की मग मलाही गेल्या साली ऐकलं म्हणूनच म्हटलं की काय, आणि दुसऱ्यानं त्याला गप्प केलं.

"बरं," उत्तमराव म्हणाला. "ते जाऊ द्या. आता नाही म्हणता ते काऊन?"

कारणं पुंजाजीकडं दोन होती. एक बहिणीचं, एक भावाचं. एक बोललं तर म्हातारी मोडते आणि आण मोडते. दुसरं बोललं तर चारचौघांत उत्तमरावाची अब्रू जाते. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. बत्तीस वर्षं लोकांना बोलतं करणारा हा माणूस, आणि त्याला स्वतःला एक वाक्य जुळवता येईना.

उत्तमरावाचा पारा चढला, आणि त्याचं काही चुकलं नाही. "हाव म्हणता तवा कारण नाही. नाही म्हणता तवाबी कारण नाही. हे काय बोलणं झालं, भाऊ? तिकडं माणसं वाट पाहून राह्यली." त्यानं दारात उभ्या असलेल्या बहिणीच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि रेंगीत टाकलं. "चाल, कोकिळे."

कोकिळा ओट्यावरून उतरली. पुंजाजीच्या अंगावरून गेली, त्याच्याकडं पाहिलंही नाही. रेंगीच्या दांडीला हात लावला, एक पाय वर ठेवला, आणि ठेवला तो ठेवलाच. पुढं चढेना. बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. तिनं पाय खाली घेतला आणि मागं वळली, पण भावाकडं नाही. सासूकडं.

"आत्याबाई, मले नाही जायाचं." तिनं दांडीवरचा हात काढला. "तो गेला तवापासून मले झोप लागते."

आत्तापर्यंत जे पुंजाजीनं जपलं, ज्यासाठी आण घेतली, ते उघड्यावर येऊन पडलं होतं, आणि म्हातारी ओट्यावर दगडासारखी बसली होती. तिचे पांढुरके डोळे आवाजाच्या दिशेनं वळले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. आता ही छाती बडवून घेणार, सुनेला शिव्याशाप देणार, असं पुंजाजीला वाटलं, आणि त्यानं मान खाली घातली.

"हाव," कौशल्याबाई म्हणाली.

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मलेबी लागते."

पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली. लेकासाठी रडत होती, सुनेसाठी, की आपण बोललो त्याच्या भीतीनं, कोण सांगणार? कोकिळा धावत जाऊन तिच्यापाशी बसली. दोघींनी एकमेकींना असं धरलं, की शेजारच्या बायांनाही पुढं होववेना.

उत्तमराव रेंगीच्या चाकाला धरून उभा होता. "कोकिळे," तो म्हणाला, "मले माहीत होतं."

कोकिळेनं सासूच्या खांद्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "माहीत होतं," ती म्हणाली, "अन् परत पोचवली."

लोक हळूहळू पांगू लागले. तोंड लपवायला काही तरी काम हवं म्हणून उत्तमरावानं गाठोडं उतरवलं, पेटी ओढून खाली घेतली. मग हात चोळत तो सवयीनं पुंजाजीकडं वळला. वरवटला महादेवराव माणसं जमवून बसला असेल, त्याला आता जाऊन काय सांगायचं, असं त्यानं विचारलं. रडवेला झाला होता. पुंजाजीच्या जिभेवर ते जुनं हाव आलं. त्यानं ते आवरलं.

"मले नको इचारू," तो म्हणाला. "ते बसली तिथं. तिले इचार."

उत्तमरावानं बहिणीला लग्न ठरवताना विचारलं नव्हतं, परत पोचवताना विचारलं नव्हतं, पाट ठरवताना विचारलं नव्हतं. आता पायरीशी उभं राहून, मान खाली घालून त्यानं विचारलं, "महादेवरावाले काय सांगू, बाई?"

"नाही म्हणून सांग," कोकिळा म्हणाली. "अन् कोणं म्हटलं असं इचारलं त्यानं, तं माहं नाव सांग."